रिकाम्या पेटीचा तपास

ती पेटी आठवली की आजही माझा आवाज चढतो. घरात ऐकणारं कोणी नाही, तरी चढतो. लोक मला दरोड्यांच्या आणि खुनांच्या आठवणी विचारतात, मी त्या सांगतोही. पण जे प्रकरण मनातून जात नाही त्यात रक्त नव्हतं, हत्यार नव्हतं. पत्र्याची चिनी खेळणी होती. आणि माझ्या सेवापुस्तिकेत त्या तपासाबद्दल चांगली अशी एक ओळही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते मला अजून बोचतं.

माझे वडील महाराष्ट्रातून रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, म्हणून झाशीला आले. मी इथंच वाढलो, इथल्याच पोलिसात शिपाई म्हणून लागलो आणि खात्याच्या परीक्षा देत देत इन्स्पेक्टर झालो. मला वर ओढणारा कोणी नव्हता. घरात मराठी, ठाण्यात हिंदी आणि रस्त्यावर बुंदेली, अशा तीन भाषांत माझी नोकरी झाली. भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत सगळीकडे मी घासाघीस करणारा म्हणून ओळखला जायचो, आणि त्याची मला लाज नाही. चौकशी म्हणजे तरी काय असतं? समोरच्याकडे एक वस्तू असते, खरी गोष्ट. ती तो फुकट देत नाही. भाव पाडत पाडत ती त्याच्याकडून काढून घ्यायची.

त्या दिवशी सकाळची हजेरी संपली होती. मुंशी, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, रोजनामचा उघडून आदल्या दिवसाच्या नोंदी पुऱ्या करत होता. काठी टेकत एक वयस्क गृहस्थ आत आले. खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर घाम. खुब्याचं हाड मोडल्यामुळे ते बरेच दिवस ग्वाल्हेरच्या दवाखान्यात होते आणि नुकतेच घरी परतले होते. खंडेराव गेटजवळ जुनं दुमजली घर, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त, लग्न केलेलं नाही. मोहल्ल्यात सगळे त्यांना काकाजी म्हणत. मीही त्यांना इथं काका म्हणतो.

"खिलौने चोरी हो गए," ते मुंशीला म्हणाले.

मुंशीनं मान वर केली नाही. "किसके बच्चे के?"

"मेरे."

"आपके बच्चे के?"

"मेरे खिलौने. मैं खेलता हूँ, ऐसा लिख लो."

हवालातीत बसलेला पाकीटमारसुद्धा हसला. काका मात्र हसले नाहीत. त्यांची नजर माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवर गेली. आडनाव वाचून ते मराठीत म्हणाले, "तुम्ही आपल्यातले दिसता."

"ठाण्यात मी कोणातलाच नाही," मी म्हणालो. "बसा आणि तक्रार सांगा."

त्यांनी पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला. प्रत्येक खेळण्याचं एक कार्ड. दाणे टिपणारी कोंबडी, उडी मारणारा बेडूक, ढोल वाजवणारा ससा, ठिणग्या टाकत पळणारी मोटार, टेबल टेनिस खेळणाऱ्या दोन मुली. सगळं पत्र्याचं आणि सगळं चीनमधलं, आपल्याकडे प्लॅस्टिक पसरण्याच्या आधीचं. या खेळण्यांच्या खोक्यांवर दोन इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा छापलेला असतो. एमएस म्हणजे स्प्रिंगवर चालणारं, एमएफ म्हणजे जमिनीवर घासून सोडायचं, एमई म्हणजे बॅटरीचं. काकांनी हे स्वतः शोधून काढलं होतं आणि त्याला आपले मराठी शब्द दिले होते: किल्लीची, ढकलीची, सेलची. कार्डावर रंग कुठे उडाला आहे, कोणता कान तुटला आहे हे बारीक अक्षरात लिहिलेलं.

"खेळण्याला कान?" मी विचारलं.

"पत्र्याचे दोन तुकडे जोडायला जी जीभ दुमडतात, तिला आम्ही कारखान्यात कान म्हणायचो," ते म्हणाले. त्यांची सारी नोकरी पत्र्याच्या कामात गेली होती. "एवढीशी कोंबडी, पण कुठं डाग नाही, स्क्रू नाही. नुसते कान दुमडून उभी आहे. ते बघूनच मी नादाला लागलो." त्या काळी ही खेळणी नेपाळमार्गे यायची. काका सुट्टीत रेल्वेचा पास काढून गोरखपूरला, दिल्लीला, कलकत्त्याला जायचे आणि फुटपाथवर बसून जुना माल उलथापालथा करायचे.

"एकूण किंमत किती लिहू?"

"किंमत मला कशी माहीत असणार? विकायला थोडीच घेतली?"

एकाही कार्डावर किंमत नव्हती. आयुष्यभर खरेदी करणारा माणूस भाव लिहून ठेवत नाही, याचा मला खरोखर राग आला. ते मी बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, "तुम्ही तुमचं आयुष्य भाव करण्यात घालवलंत, असं दिसतं." ठाण्यात मला असं ऐकवणारे फार नव्हते.

पेटी मोठी, पत्र्याची, हिरव्या रंगाची. काका दवाखान्यात असताना पुतण्यानं घराला चुना काढून घेतला होता. काका परतले तेव्हा घर पांढरं स्वच्छ होतं आणि पेटी नव्हती. पुतण्या रेल्वेच्या कामावर बाहेरगावी गेला होता, त्याचा फोन लागत नव्हता. चुन्याचं काम करणारा माणूस फोन उचलत नव्हता.

"पुतण्यावर संशय?"

"छे!" त्यांनी काठी आपटली. "धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ गेला, भावजय गेली. तो रेल्वेत आहे, दर रविवारी येतो. तोडकंमोडकं का होईना, माझ्याशी मराठीत बोलतो. या गावात माझ्याशी मराठीत बोलणारा आता तोच एक आहे. त्याचं नाव कुठं घालू नका."

मी अनोळखी चोराविरुद्ध गुन्हा नोंदवला.

आमच्या धंद्यात माहिती चहाच्या टपरीवरून येते. माझा एक खबऱ्या झाशी-कानपूर रस्त्यावर बसमध्ये शेंगदाणे विकायचा. काही दिवसांनी तो ठाण्यात आला आणि म्हणाला, "साहब, चिरगाँव में एक मोड़ी के हाथ में चाबी वाली मुर्गी देखी. पेट पे चीनी में कछू लिखो है." मोड़ी म्हणजे मुलगी. कोंबडीचं कार्ड माझ्या टेबलावरच होतं.

चुनेवाला चिरगाँवचाच निघाला. त्याला दुपारी आणलं. माझ्या अनुभवात चोर ठाण्यात आला की आधी भिंती बघतो, नंतर दरवाजा बघतो. हा माणूस नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता. माझे प्रश्न इथं मराठीत देतो, विचारले हिंदीतच.

"पेटी कुठाय?"

"बेटी के संग गई, साहब. ससुराल. रंग करवा के दी."

"चोरीची पेटी हुंड्यात दिलीस?"

"चोरी काहे की? भैयाजी ने दी हती. मैंने माँगी, उन्ने कही ले जा, खाली है."

भैयाजी म्हणजे पुतण्या. आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामी, हे कोणाला सांगायला नको. मुंशीनं ते तसंच लिहून घेतलं.

"आणि घरी जाऊन उघडलीस तर?"

त्यानं पहिल्यांदाच नजर वळवली. इथं माझा सौदा सुरू झाला. मी म्हणालो, चोरी लावली तर वर्षं जातील. खरं सांगितलंस तर तेवढंच सांगितलंस म्हणून लिहीन. तो म्हणाला, खरं तर सांगितलं. मी म्हणालो, अर्धं सांगितलंस, उरलेलं अर्धं दे. तो म्हणाला, उरलेलं दिलं तर सोडाल? मी म्हणालो, आधी माल दाखव, मग भाव बोलू. असं बराच वेळ चाललं. शेवटी तो म्हणाला, "खुली तो खिलौने निकरे. मैंने सोची, बड़े आदमी हैं, भूल गए हुइयें. लौटाउत तो कहते, ढक्कन काहे खोलो." परत केली असती तर झाकण का उघडलंस असं विचारलं असतं, या भीतीनं तो गप्प राहिला होता. खेळणी बायकोनं गल्लीतल्या पोरांना वाटली होती, आणि काही पलीकडच्या मोठ नावाच्या गावातल्या भंगारवाल्याकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी शिपाई घेऊन आधी मोठला गेलो. भंगारवाला बाजारच्या दिवसाच्या गर्दीत होता. मी दम दिला, त्यानं गोणी ओतली. तिथून चिरगाँव. पोरांच्या हातून वस्तू जप्त करता आली असती, पण गणवेशातला माणूस मुलाच्या हातातलं खेळणं ओढतो तेव्हा सगळी गल्ली बाहेर येते आणि पुढे वर्षभर तिथं एक साक्षीदार मिळत नाही. म्हणून मी बसस्टँडवरच्या दुकानातून प्लॅस्टिकच्या मोटारींची पिशवीभर खरेदी केली, अर्थात भाव पाडून, आणि अदलाबदल सुरू केली. एक घे, एक दे. सगळे तयार झाले. फक्त कोंबडीवाली मुलगी हात पाठीमागे घेऊन उभी राहिली.

"दो दोगे तो देहैं."

"एक."

"दो. ऐ चुगत है." ही दाणे टिपते, म्हणजे तुमच्या मोटारींपेक्षा जास्त काम करते, असा तिचा मुद्दा होता.

"तिची किल्ली कुठाय?"

तिनं फ्रॉकच्या खिशातून किल्ली काढून दाखवली आणि पुन्हा खिशात टाकली. "ऊके अलग."

म्हणजे किल्लीचे वेगळे. मी तिला दोन मोटारी दिल्या आणि वर शिपायाच्या खिशातली शेंगदाण्यांची पुडी दिली. साऱ्या नोकरीत मला भावात हरवणारी ती एकटी.

बहुतेक खेळणी मिळाली. प्रकरण इथं संपायला हवं होतं, पण खरा गुंता इथून पुढे होता. पेटी पुतण्यानं दिली होती, आणि ती भरलेली होती. मग त्यानं ती का दिली?

पुतण्याला बोलावलं. पस्तिशीचा, नीटनेटका, रेल्वेचं ओळखपत्र गळ्यात. जन्म झाशीचा, शाळा झाशीची, आई इकडचीच. मराठी कळायची, बोलताना अडखळायचा, म्हणून जबाब हिंदीत दिला. पेटी मीच दिली, हे त्यानं लगेच मान्य केलं. काका दवाखान्यात होते, त्यांना फोन करून विचारलं, ती रिकामी आहे असं त्यांनीच सांगितलं, म्हणून दिली. खेळणी फडताळातल्या खोक्यांत असतील असं वाटलं. पेटी मजुरांनी उचलली, मी हातही लावला नाही.

काकांना हे कळलं तेव्हा ते ठाण्यातच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला.

"मी सांगितलं? मी? माझी सगळी खेळणी ज्या पेटीत, ती रिकामी आहे असं मी सांगेन?"

"आपने ही कहा था, काका."

"खोटं बोलतोस!"

"झूठ क्यों बोलूँगा? आप भूल गए होंगे."

भूल गए होंगे, हे शब्द म्हाताऱ्या माणसाला चोर म्हणण्यापेक्षा जास्त लागतात. काकांनी काठीवर दोन्ही हात दाबून धरले. त्यातच पुतण्याच्या मोबाइलमध्ये दिल्लीच्या एका व्यापाऱ्याला पाठवलेले खेळण्यांचे फोटो सापडले. तो म्हणाला, काकांच्या वस्तूंचं मोल कळावं म्हणून विचारलं होतं. काका म्हणाले, मला न सांगता? काका माझ्याकडे वळले.

"लिहा. त्याचं नाव लिहा."

आमचे सीओ, म्हणजे आमच्या भागाचे वरिष्ठ अधिकारी, या क्षणाचीच वाट पाहत होते. दिल्लीचा व्यापारी, चिनी माल, रेल्वेतला पुतण्या, एवढं त्यांना पुरलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कबाड़ नहीं है ये, इंस्पेक्टर. एंटीक है. भतीजा अंदर, दिल्ली वाला अंदर, गिरोह तैयार."

"सर, गिरोह तैयार नहीं करते, पकड़ते हैं."

"मोलभाव सब्जीमंडी में करो. कल पत्रकारों को बुलाया है."

पुतण्याला अटक दाखवली की त्याचं निलंबन ठरलेलं. रेल्वेतल्या माणसाची नोकरी काय असते ते मी वडिलांच्या घरात पाहिलं होतं. आणि एकदा तो हवालातीत बसला की काकांच्या घरी पुन्हा पाऊल टाकणार नव्हता. चूक कोणाची, हे मला अजून समजत नव्हतं. दोघांपैकी एक खोटं बोलतोय हे उघड दिसत होतं, आणि दोघांचेही चेहरे खरं बोलणाऱ्यांचे होते. मी सीओंना म्हणालो, घटनास्थळाचा नकाशा राहिला आहे, तेवढा करून आणतो. त्यांनी घड्याळाकडे बघून हात झटकला.

एक शिपाई घेऊन मी काकांच्या घरी गेलो. ताज्या चुन्याचा वास होता. जिना चढून माडीवर गेलो. काका पलंगावर बसलेले. समोर भिंतीतलं फडताळ उघडं होतं आणि त्यात खेळण्यांची मूळ खोकी ओळीनं लावलेली. खेळणी गेल्यावर खोकी तेवढी राहिली होती. गेलेल्या माणसाचे कपडे कपाटात राहतात, तशी ती दिसत होती. आम्ही उभेच होतो.

"बसा ना, साहेब," काका म्हणाले. "खुर्ची खाली आहे."

माझ्या शिपायानं खोलीभर नजर फिरवली. खोलीत खुर्ची नव्हतीच. तो पक्का बुंदेलखंडी. "कौन सी कुर्सी खाली है, साब? इतै तौ कुर्सीयई नइयाँ."

"अरे, खाली!" काका वैतागून काठीनं जमीन ठोकत म्हणाले. "जिन्याशी! तिथून वर आण!"

शिपाई माझ्याकडे बघायला लागला. मी काकांकडे बघत होतो.

"काका, दवाखान्यात फोन आला तेव्हा पुतण्यानं नेमकं काय विचारलं?"

"पेटीचंच विचारलं. म्हणाला, काका, ती मोठी पेटी? मला वाटलं, चुन्याचं काम चाललंय, पेटी कुठे आहे म्हणून शोधत असेल. माडी गळते म्हणून मी ती आधीच खालच्या खोलीत हलवली होती."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, ती खाली आहे."

शिपायानं खुशीत माझ्या दंडाला हात लावला. "लो साब! बब्बा खुदई कै रए, खाली है!"

काकांना समजायला वेळ लागला. त्यांनी एकदा शिपायाकडे पाहिलं, एकदा उघड्या फडताळाकडे. मग त्यांचे ओठ नुसते हलले. तो शब्द ते स्वतःशी म्हणून बघत होते, आधी मराठीत, मग हिंदीत.

पण सीओंना असल्या गोष्टी नुसत्या सांगून पटत नाहीत. मी दोघांना ठाण्यात समोरासमोर बसवलं. सीओ भिंतीशी उभे. टेबलावर काही नव्हतं. पाण्यानं भरलेला स्टीलचा जग मी माझ्या पायाशी, टेबलाखाली ठेवला होता. पुतण्याला मराठीत म्हणालो, "घसा सुकलाय. जग खाली आहे, जरा दे."

तो उठला, इकडेतिकडे पाहिलं, टेबलाखालचा जग दिसला. तो उचलून नळाकडे निघाला. दोन पावलांवर थांबला. जगात डोकावून म्हणाला, "सर, ये तो भरा हुआ है. आपने कहा खाली है."

मुंशीचं पेन थांबलं होतं. काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"अरे," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "रिकामं असलं तर आपल्याकडे रिकामं म्हणतात रे."

पुतण्या जग हातात धरून उभा होता. तोही समजला होता. पण त्याच्या डोळ्यांत सुटकेचा आनंद नव्हता. "आपल्याकडे किसके, काका?" तो म्हणाला. "आपल्याकडे में अब आप अकेले ही हो."

ते वाक्य आम्ही जबाबात लिहून घेतलं नाही.

मी अंतिम अहवाल दिला: गुन्हा घडलेला नाही, गैरसमज. चुनेवाल्याला सोडलं. काकांना विचारलं, पेटी हवी का? म्हणजे चुनेवाल्याच्या मुलीच्या सासरहून आणावी लागेल. ते म्हणाले, "राहू द्या. रिकामी म्हणून दिली होती ना? मग रिकामी तिचीच." तेवढा एकच विनोद त्यांनी त्या दिवसात केला.

सीओंनी पत्रकारांना चहा पाजून परत पाठवलं. थोड्याच दिवसांत माझी पोलीस लाइनीत, म्हणजे बिनकामाच्या जागी, रवानगी झाली. कारण लिहिलं होतं, तपासात शिथिलता. शिथिलता! उन्हातान्हात चिरगाँवच्या गल्लीत एका पोरीशी कोंबडीसाठी भांडलो, ती शिथिलता. पुढच्या बढतीच्या यादीत माझं नाव आलं नाही, आणि मी ज्या हुद्द्यावर होतो त्याच हुद्द्यावरून घरी आलो. सीओसाहेब मात्र पुढे गेले. हे मी कोणाला समजावं म्हणून लिहीत नाही. लिहिल्यावर थोडं हलकं वाटतं, एवढंच.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं विचाराल तर सांगतो. दोन माणसं एकमेकांना खोटं म्हणत असतील तर त्यातला एक खोटा असलाच पाहिजे, असं नाही. आणि जबाब ज्या भाषेत लिहिला जातो त्या भाषेत ती गोष्ट घडलेली असतेच असं नाही. नव्या पोरांना प्रशिक्षणात हे कोणी शिकवत नाही. मला शिकवायला बोलावलं असतं तर मी शिकवलं असतं. बोलावलं नाही.

निवृत्तीनंतर मी खंडेराव गेटपासून चालत जाता येईल अशा घरात, वरच्या मजल्यावर राहतो. बायको गेली. मुलगा नोएडाला आहे, फोनवर हिंदीत बोलतो, आणि नातू हिंदीतसुद्धा कमीच बोलतो. एकदा औषधाच्या दुकानात काका भेटले. मी विचारलं, पुतण्या येतो का?

"येतो की. दर रविवारी येतो," ते म्हणाले. "औषधं आणतो, पंखे पुसतो, माझी नखंसुद्धा काढतो. पण हिंदीत येतो."

"म्हणजे?"

"त्या दिवसापासून मराठीत एक शब्द बोलला नाही. मी मराठीत बोललो तरी उत्तर हिंदीत देतो. म्हणतो, काका, अब साफ-साफ बात करेंगे, फिर गड़बड़ नहीं होगी. बरोबर आहे त्याचं." आणि पुन्हा म्हणाले, "बरोबरच आहे."

तेव्हापासून ते माझ्याकडे येऊ लागले. येताना पिशवीत दोन-चार खेळणी आणि त्यांची कार्डं असतात. चिरगाँवला जाऊन आलेल्या प्रत्येक खेळण्याची आता नव्यानं नोंद करायची आहे. सशाचा ढोल चेपलाय, मोटारीच्या ठिणग्या बंद झाल्यात, एका मुलीची बॅट गेलीय. ते सांगतात, मी लिहितो, माझं अक्षर त्यांच्यापेक्षा बरं आहे म्हणून. कोंबडीच्या कार्डावर "कुठून मिळाली" या रकान्यात मी लिहिलं: दोन मोटारी आणि शेंगदाणे देऊन. काका म्हणाले, ही किंमत झाली, ती खोडा. मी म्हणालो, खोडणार नाही, माझा सौदा आहे. त्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं, मराठीत. खालचा भाडेकरू बाहेर येऊन विचारायला लागला, "सब ठीक है ना, साहब?"

आता काकांना माझा जिना चढवत नाही. आम्ही अंगणातल्या बाकावर बसतो. संध्याकाळी ते फाटकाशी येतात, काठीनं लोखंडी गज वाजवतात आणि वर बघून हाक मारतात.

"साहेब, मी खाली आहे!"

ज्याला दोन्ही भाषा येतात त्याला ते वाक्य दोनदा ऐकू येतं. पहिल्या वेळी मी जिन्यातच थांबलो होतो. आता थांबत नाही. चष्मा आणि पेन उचलतो, दाराला कडी घालतो आणि कठड्यावरून वाकून ओरडतो, "थांबा काका, मीही खालीच येतो."